निळ्या दोऱ्याचं गाठोडं

ज्या घरातून साऱ्या गल्लीचे कपडे घडी होऊन बाहेर पडतात, त्या घरातल्या पोरीची बॅग मात्र काही केल्या भरून होईना. सकाळी आईने भरली, ती पोरीने उपसली. आईने पुन्हा भरली, पोरीने पुन्हा उपसली. शेवटी काउंटरवर बसलेली आत्या तिथूनच ओरडली, "अगं, शिबिराला चाललीयेस की विहीर उपसायला?"

पोरीने टॉवेल काढला, उशीचा अभ्रा काढला, झोपायचे दोन्ही झगे काढले, आणि रिकामी बॅग उलटी करून झटकली. ती झटकताना निळीच्या डब्याला धक्का लागला आणि डबा बॅगेवरच लवंडला. करड्या कॅनव्हासवर आभाळ उमटलं.

"झालं!" आत्या म्हणाली. "माझी चांगली बॅग. लग्नात मिळालेली."

"तुझं लग्न टिकलं नाही, बॅग टिकली," आतून इस्त्रीच्या टेबलावरून बाबा म्हणाले. "आता बॅगेचंही बघू."

"दादा, तू इस्त्री कर. तोंडाने नको करूस."

पोरीचं नाव काहीतरी चांगलं ठेवलेलं होतं, बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळ्या मंडळीने ते ऐकलंही होतं. पण घरात तिला ठिणगीच म्हणत. जरा वारा लागला की पेटायची आणि पेटली की कोपऱ्यात जाऊन विझायची. आताही ती कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत जाऊन बसली, गुडघ्यांत डोकं घालून.

आईने बॅग उचलली, टबात बुडवली आणि ब्रशने घासायला घेतली. हात कामात असले की तिच्या तोंडातून ओळी निघायच्या. कुणी शिकवलेल्या नव्हत्या. पाण्यातून फेस निघावा तशा निघायच्या.

*दोरीवर चादर, वारा तिच्या अंगी,*
*लेक माझी चालली, मन तिच्या संगी.*

"मी चाललेली नाहीये," सांदीतून आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. आणि घासत राहिली.

दुकान कोपऱ्यावर होतं. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीची टेबलं, त्यामागे भट्टी आणि टब, वर गच्चीत दोऱ्या, आणि या सगळ्याच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या म्हणजे घर. घरात कायम वाफेचा आणि खळीचा वास. बाहेरच्याला तो दुकानाचा वाटे, घरच्यांना तो रविवारच्या सकाळचाही वाटे, कारण चर्चला जाताना अंगावरच्या कपड्यांनाही तोच वास असायचा.

चर्चचं उन्हाळी शिबिर दरवर्षी टेकडीवरच्या तळ्याकाठी भरे. सकाळी बस सुटायची ती गाणी म्हणतच. मुलींना एक लांबलचक हॉल, मुलांना दुसरा. प्रार्थना, पोहणं, झाडाखाली बायबलच्या गोष्टी, आणि शेवटच्या संध्याकाळी तळ्याच्या काठावर गाण्याचा कार्यक्रम. या वर्षी त्या कार्यक्रमात एका गाण्याच्या दोन ओळी ठिणगीने एकटीने म्हणायच्या होत्या. गायनबाईंनी तिला सगळ्यांसमोर निवडलं होतं. त्या दिवशी ती चर्चमधून घरापर्यंत पळत आली होती आणि वाटेत दोनदा पडली होती, तरी रडली नव्हती.

आणि तरीही बॅग भरून होत नव्हती.

गोष्ट साधी होती आणि साधी होती म्हणूनच अवघड होती. ठिणगी अकरा वर्षांची झाली होती आणि अजूनही अधूनमधून झोपेत अंथरूण ओलं करायची. डॉक्टरांनी तपासलं होतं. म्हणाले, काही पोरांचं अंग झोपेत जरा उशिरा शहाणं होतं, होईल. रागावू नका, मोजू नका. घरात कुणी रागावत नव्हतं आणि मोजतही नव्हतं. लाँड्रीच्या घरात एक चादर जास्त म्हणजे समुद्रात एक तांब्या. पण हॉलमध्ये ओळीने लावलेले पलंग, शेजारी मैत्रिणी, सकाळी उजाडल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो ओला डाग! मागच्या वर्षी याच भीतीने ती गेली नव्हती. आईने चर्चमध्ये सांगितलं होतं, ताप आलाय. सांगताना आईची जीभ अडखळली होती, आणि बाजूला उभी असलेली ठिणगी, अंगात ताप नसलेली, जमिनीकडे बघत राहिली होती.

आईच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला आतून टोचत होती. शिबिराच्या चादरी दरवर्षी त्यांच्याच लाँड्रीत धुवायला यायच्या. सगळ्या एकदा पाण्यातून काढलेल्या, कशाबशा वाळवलेल्या. आत्या म्हणायची, "बघा, चर्चची माणसं किती नेटकी. धुऊनच धुवायला देतात." पण आईच्या हाताला कळायचं. सगळ्या चादरींना नुसतं पाणी दाखवलेलं असायचं, आणि त्यांतल्या काही मात्र मधोमध चोळून चोळून धुतलेल्या असायच्या, स्वस्त साबणाने, अडाणी हाताने. उन्हात धरलं की एक फिकट पिवळी कड दिसायची, नकाशातल्या बेटासारखी. एक नाही, दोन नाही. दरवर्षी काही. म्हणजे त्या हॉलमध्ये ठिणगीसारखी आणखी पोरं झोपत होती.

हे एक वाक्य सांगितलं असतं तर लेकीचं निम्मं ओझं उतरलं असतं. पण आई सांगू शकत नव्हती. सासऱ्यांनी दुकान उभं केलं तेव्हा एकच नियम केला होता: गिऱ्हाइकाचा डाग पाण्यातच सोडायचा, तोंडात आणायचा नाही. कुणाच्या कॉलरला काय लागलंय, कुणाचा रुमाल रडून भिजलाय, कुणाच्या उशीवर दोन रंगांचे केस आहेत, हे सगळं धुवायचं, वाळवायचं, विसरायचं. साऱ्या गल्लीची झाकली मूठ या घराच्या हातात होती आणि म्हणूनच गल्ली आपले कपडे डोळे झाकून इथे टाकत होती. आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने हा नियम मोडला नव्हता. लेकीसाठी मोडावा का, हा प्रश्न तिने टबात कितीदा बुडवला आणि कितीदा वर काढला, त्याला गणती नाही.

बॅग धुऊन झाली. निळा ढग फिका झाला, गेला नाही. आईने ती गच्चीवर दोरीला उलटी टांगली आणि खाली येऊन सांदीसमोर बसली.

"ठिणगे, हे बघ." तिने एक उशी पुढे केली. "दाब."

ठिणगीने एक बोट काढून दाबलं. "उशी आहे."

"आत काय आहे?"

"कापूस."

"अर्धाच कापूस. अर्ध्यात मेणकापड आहे, पातळ घडी करून. मागच्या बाजूला बटणं. झोपताना पांघरुणाखाली हात घालून काढायचं, चादरीखाली सरकवायचं. सकाळी परत आत. आणि हा झग्यात गुंडाळलेला जाड चौकोन, हा चौपदरी शिवलाय, तो सगळं पिऊन घेईल. कुणाला काही दिसायचं नाही."

ठिणगीने डोकं वर केलं. रडून डोळे लाल, पण नजर तपासनिसाची. तिने उशी उलटीसुलटी केली, वास घेतला, कानाशी धरून हलवली.

"वाजत नाही," ती म्हणाली.

"वाजू नये म्हणून तर तीनदा शिवली."

"आणि कुणी उशी मागितली तर?"

"म्हणायचं, आमच्या आत्याची आहे, चावते."

ठिणगी हसली. हसू नये असं ठरवलेलं असताना येतं ना, तसं नाकातून हसली. आणि सांदीतून बाहेर आली.

मग दोघींनी मिळून कपडे घडी केले. चर्चमध्ये सूचना झाली होती की प्रत्येक कपड्यावर खूण करा, गेल्या वर्षी कुणाचे मोजे कुणाच्या पायात गेले ते अजून परत आलेले नाहीत. आता या घराची गंमत अशी की गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला इथे दोऱ्याची खूण होती. बेकरीवाल्याला पिवळा, शिक्षकांना हिरवा, दाईबाईला लाल-पांढरा, गाठोड्याच्या गाठीतही तोच दोरा ओवायचा म्हणजे बाबांना वाचायची गरज नाही, दोरा बघितला की घर कळलं. फक्त घरच्या कपड्यांना खूण नव्हती. ज्यावर काही नाही ते आपलं, इतका सोपा हिशेब.

आईने समोरची सुई उचलली. दोरा ओवलेलाच होता. तिने मोज्यांवर, टॉवेलवर, झग्यांवर, अभ्र्यावर टाके घातले, भराभर, बोलता बोलता. बॅग अजून ओली, म्हणून सगळं एका पांढऱ्या फडक्यात बांधलं, सवयीने गाठीत दोरा ओवला, आणि जागा नव्हती म्हणून गाठोडं दाराजवळच्या फळीवर ठेवलं.

"झालं एकदाचं," आत्या म्हणाली. "मी आता देवाचे आभार मानू की बॅगेचे?"

"आधी गिऱ्हाइकाचे मान," बाबा म्हणाले. "सायकलवर काय काय जायचंय ते दे."

उन्हं कलायला लागली तेव्हा बॅग वाळली. आई ती खाली घेऊन आली, तोंड उघडून धरलं आणि म्हणाली, "आण गं तुझं गाठोडं."

ठिणगी फळीपाशी गेली. फळी रिकामी होती.

"आई, कुठे ठेवलंस?"

"तिथेच की."

"इथे नाहीये."

"नीट बघ. काखेत कळसा असेल."

ठिणगीने दोन्ही काखा वर करून दाखवल्या. तेवढ्यात बाबा सायकल टेकवून शीळ घालत आत आले. चेहऱ्यावर दिवसाचं काम संपलेल्या माणसाचं समाधान.

"अहो," आई म्हणाली, "फळीवर एक गाठोडं होतं."

"होतं ना. पोचवलं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? निळा दोरा होता. गायनबाईंना." बाबा पाणी प्यायला वळले आणि अर्ध्यात थांबले, कारण तिघीही हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघत होत्या. "का? काय झालं?"

आत्याने काउंटरखालून दुसरं गाठोडं वर काढलं. निळा दोरा. गायनवृंदाचे झगे, आदल्या दिवशीच कडक खळ घालून तयार ठेवलेले. आईने सुईकडे बघितलं. सुईत अजूनही निळा दोरा होता. गायनबाईंचे झगे झाल्यावर तिने तो काढलाच नव्हता. ज्या हाताने जन्मभर दुसऱ्यांचे कपडे ओळखले, त्या हाताने आपल्याच लेकीच्या कपड्यांवर दुसऱ्याचं घर टाचलं होतं.

"त्या उघडतील," ठिणगी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "उघडणारच. उद्या शिबिराला त्यांना झगे न्यायचेत."

कारण गायनबाई नुसत्या गायनबाई नव्हत्या. शिबिरात मुलींच्या हॉलची जबाबदारी त्यांच्याकडे असायची. उंच, ताठ, घंटेसारखा आवाज. स्वच्छतेचं असं वेड की शिबिरातून आलेल्या मुली त्यांच्या नकला करायच्या: "चादरी काढा! सगळ्यांनी! आत्ता!" साऱ्या जगात ते गाठोडं जाऊ नये असं एकच घर होतं आणि बाबांनी ते तिथे दारात, हसत, "तुमचं आणलं बाई" म्हणून दिलं होतं.

"मी नाही जाणार," ठिणगी म्हणाली. या वेळी पेटली नाही, ओरडली नाही. रिकामी बॅग तिने नीट बंद केली आणि कपाटावर ठेवली. आईला वाटलं, त्यापेक्षा उपसणं परवडलं असतं.

"मी जाते, आणते परत," आई म्हणाली आणि झग्यांचं गाठोडं उचललं.

"मीही येते."

"तू कशाला? मी सांगेन काहीतरी."

"म्हणूनच येते," ठिणगी म्हणाली. "तू ताप सांगशील."

आईने तिचा हात धरला आणि दोघी निघाल्या.

रस्ता काही लांब नव्हता. बेकरी, सायकलीचं दुकान, चर्चची भिंत, आणि तिच्या मागे गायनबाईंचं घर. पण आईला वाटेत तीन थापा सुचल्या. मेणकापड पावसासाठी. मेणकापड तळ्याकाठी बसायला. मेणकापड दुसऱ्या गिऱ्हाइकाचं, चुकून आत गेलं. तिसरी तिने लगेच टाकून दिली. गिऱ्हाइकाच्या माथी डाग मारायचा म्हणजे सासरे वरून बघत असतील. शेजारून ठिणगी चालत होती, हात आईच्या हातात, पण हात गार. आईच्या मनात ओळ आली आणि तिने ती ओठांच्या आतच ठेवली:

*बोट धरी लेक, बोट झालं गार,*
*मायेच्या मुठीत मावेना हा भार.*

दार गायनबाईंनीच उघडलं. मागे टेबलावर पांढरं फडकं पसरलेलं दिसत होतं. उघडलेलं. उशी वर ठेवलेली. मागची बटणं सोडलेली.

"या," बाई म्हणाल्या. "मी येणारच होते तुमच्याकडे. झगे समजून सोडलं आणि बघते तर छोटे छोटे मोजे. म्हटलं गायनवृंद आटला की काय धुऊन!"

आई हसली नाही. तिने झग्यांचं गाठोडं पुढे केलं. "माफ करा बाई. माझीच चूक. दोरा तोच राहिला सुईत."

"अहो, त्यात काय." बाई उशीकडे वळल्या. "उशी जड लागली म्हणून बटणं काढली. उघडायला नको होती. माझं चुकलं." त्या जरा थांबल्या आणि अगदी सहज, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मेणकापड चांगलंय. पावसासाठी दिलंत का? टेकडीवर पडतो कधी कधी."

सुटकेचं दार उघडून दिलं होतं बाईंनी. आईला ते दिसलं. एक पाऊल टाकायचं, हो म्हणायचं, गाठोडं उचलायचं, घरी जायचं. तिने तोंड उघडलं.

"नाही," ठिणगी म्हणाली. "पावसासाठी नाही. माझ्यासाठी आहे. मी झोपेत... रोज नाही. पण होतं." आणि एका दमात, "म्हणून मी मागच्या वर्षी आले नाही. ताप नव्हता. आणि या वर्षी पण येणार नाही, त्या दोन ओळी दुसऱ्या कुणाला द्या. पण मला त्या पाठ आहेत."

शेवटचं वाक्य म्हणता म्हणता ती रडायला लागली.

गायनबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. बसल्यावर त्या एकदम कमी उंच दिसायला लागल्या. त्यांनी मेणकापड हातात घेतलं, घडी निरखली.

"आमच्या वेळी हे नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "नुसती चादर होती. त्याच टेकडीवर, त्याच हॉलमध्ये. मी तुझ्याएवढी होते, तुझ्याहून थोडी मोठीच. सकाळी कळलं. तेव्हाच्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी माझी चादर काढली, धुतली आणि अंगणात दोरीवर टाकली. एवढी लांब दोरी, आणि तिच्यावर एकच चादर. नाश्त्याला सगळे अंगणातूनच जायचे. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. दोरी बोलत होती."

ठिणगी रडायची थांबली होती.

"मग मी मोठी झाले, बाई झाले, हॉल माझ्याकडे आला. पहिल्याच सकाळी मी ओरडले: चादरी काढा! सगळ्यांनी! आत्ता!"

"ते वेड आहे ना तुमचं," ठिणगी म्हणाली आणि जीभ चावली.

"वेडच आहे. रोज सगळ्या चादरी एका टोपलीत. कोरड्या, ओल्या, सगळ्या एकत्र. मुली कुरकुरतात, मला नावं ठेवतात, नकला करतात. करू देत. स्वयंपाकघरामागे हौद आहे, तिथे मी ज्या धुवायच्या त्या धुते, बाकीच्या नुसत्या पाण्यातून काढते, आणि मग दोरीवर सगळ्या. इतक्या की तळं दिसत नाही. माझ्या राज्यात दोरीवर एकटी चादर कधी दिसली नाही, आणि दिसणारही नाही."

"म्हणजे अजून कुणी..." ठिणगी अडखळली. "दुसऱ्या पण मुली?"

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्या तुझंही कुणाला सांगणार नाही, तसंच."

आणि इथे आईला राहवलं नाही. ती मघापासून दाराला टेकून उभी होती, आणि तिच्या डोक्यात वर्षानुवर्षांचं एक कोडं घडी उलगडावी तसं उलगडत होतं. "म्हणजे बाई, त्या चादरी धुऊन यायच्या त्या..."

बाईंनी चमकून वर बघितलं. "तुम्हाला कळायचं?"

"कपडा बोलतो बाई. आम्ही फक्त उत्तर देत नाही."

"अहो, हाताची सालं निघायची माझ्या घासून घासून! का, तर लाँड्रीत कळू नये. म्हटलं, एक वेळ मुली मला वेडी म्हणोत, पण बाहेर बोभाटा नको."

"आणि मी कधी घरात बोलले नाही. यांच्याशी नाही, नणंदताईंशी नाही. पोटच्या पोरीशी नाही. का, तर गिऱ्हाइकाचा डाग."

दोन पहारेकरी एकाच वाड्याच्या दोन दारांवर रात्रंदिवस उभे, आणि आपण एकाच वाड्याचे आहोत हे एकमेकांना ठाऊक नाही, तसं झालं होतं. आधी बाई हसल्या. मग आई. घंटेसारखं आणि फेसासारखं हसू एकात एक मिसळलं, आणि आईला हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला.

"आणि साबण कुठला वापरायच्या हो?" आईने विचारलं. "कपड्याचा जीव जातो त्याने."

"दुकानात स्वस्त होता तो."

"आता नका वापरू. आता आहे तशा पाठवा. मी आहे ना."

ठिणगी एकदा आईकडे, एकदा बाईंकडे बघत होती. "तुला माहीत होतं?" तिने आईला विचारलं. "सगळं? एवढी वर्षं?"

"कुणाचं ते नाही माहीत. आहे, एवढंच माहीत होतं."

"आणि सांगितलं नाहीस."

आता पेटणार, आईला वाटलं, आणि पेटली तर तिचं बरोबरच आहे. पण ठिणगीने थोडा विचार केला आणि मोठ्या माणसासारखी मान हलवली.

"म्हणजे माझंही तू कुणाला सांगितलं नसशील," ती म्हणाली.

आईचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोराने पडला की भांड्याचा आवाज आला असता.

"आता ऐक," गायनबाई म्हणाल्या आणि पुन्हा उंच झाल्या. "तुझा पलंग दाराजवळचा. माझा त्याच्या शेजारी. उशीची बटणं सुटत नसतील तर मला उठवायचं. आणि त्या दोन ओळी आत्ता म्हणून दाखव, पाठ आहेत म्हणालीस ना?"

ठिणगीने म्हणून दाखवल्या. रडून नाक चोंदलेलं, सूर जरा जाड. पण शेवटच्या शब्दापाशी आवाज वर गेला आणि तिथे टिकला. खिडकीबाहेर कुणीतरी चालता चालता थांबलं.

घरी आल्यावर ठिणगीने स्वतःच कपाटावरची बॅग काढली. बाबा दारात अपराध्यासारखे उभे होते, आत्या काउंटर आवरायचं सोडून आवरलेलंच पुन्हा आवरत होती. कुणी विचारायची हिंमत करत नव्हतं. ठिणगीने फडकं सोडलं, मोजे खाली, टॉवेल त्यावर, झगे, आणि सगळ्यात वर चावरी उशी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बरोबर घरी दिलंत गाठोडं."

बाबांना काही कळलं नाही, पण ते एवढे सुखावले की उरलेल्या इस्त्रीचे निखारे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी तिच्या बॅगेचा पट्टाही इस्त्री केला.

"निळा दोरा उसवू का?" आईने विचारलं. "दुसरा रंग घालू? आपला असा नाहीये, पण निवडू एखादा."

"राहू दे," ठिणगी म्हणाली. "निळाच बरा आहे."

सकाळी बस सुटली ती गाणी म्हणतच. आई हात हलवत उभी राहिली. बसच्या खिडकीत गायनबाईंचा ताठ कणा दिसला आणि त्यांच्या बाजूला एक छोटं डोकं, जे एकदाही मागे वळलं नाही. आईला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं.

शिबिर संपून ठिणगी परत आली ती उन्हाने रापलेली, गुडघे खरचटलेली, घसा बसलेली. आल्या आल्या तिने तळं, नावेत बसून उलटी करणारी मैत्रीण, प्रार्थनेत शिरलेला बेडूक, शेवटच्या संध्याकाळच्या टाळ्या, सगळं एका दमात ओतलं. आत्याने पाणी दिलं तेव्हा ती थांबली.

"आणि... ते?" आईने हळूच विचारलं.

"झालं एकदा," ठिणगी म्हणाली, जणू चप्पल तुटली होती. "मग काय. चादरी काढा, सगळ्यांनी, आत्ता! आई, आधी सांग, नक्कल कोण चांगली करतं, मी की बाकीच्या मुली?" आणि ती आत्याला ओढत गच्चीवर पळाली, तळ्याएवढी उडी मारून दाखवायला.

त्याच दिवशी कलत्या उन्हात चर्चच्या हातगाडीवरून शिबिराच्या चादरींचं मोठं बोचकं आलं. आईने गाठ सोडली. वरची चादर उचलली, नाकाशी नेली. स्वस्त साबणाचा वास नव्हता. पाण्याचाही नव्हता. चादरी जशाच्या तशा आल्या होत्या, चुरगळलेल्या, गवताच्या काड्या अडकलेल्या, त्यांतल्या काही आपापली बेटं घेऊन, काहीही न लपवता.

"अगं बाई," आत्या नाक मुरडत म्हणाली, "या वर्षी चर्चची माणसं आळशी झाली वाटतं."

"हो ना ताई," आई म्हणाली. "बरं झालं."

तिने सगळ्या चादरी एकत्रच टबात टाकल्या. कुठली कुणाची ते बघितलं नाही. बाह्या वर सारल्या, पाण्यात हात घातले, आणि फेस वर यायला लागला तशी ओळही आली:

*दोरीला चादरी, एकीला एक सोबती,*
*माझ्या लेकीची त्यात आहे, कुठली ती मी न शोधी.*